टर्निंगचा अर्थ

आबा, तुम्ही करून दिलेलं पितळेचं वजन अजून माझ्या टेबलावर आहे. कागद उडू नयेत म्हणून ठेवायचं ते, मुठीत मावेल एवढं, वर अंगठा टेकायला खळगा असलेलं. हे लिहितानाही डाव्या हाताशी तेच आहे. नातीला ते फार आवडतं. कुणी दिलं, असं तिनं परवा विचारलं, तेव्हा ‘माझ्या वडिलांनी, बक्षीस म्हणून,’ असं मी सांगितलं. कशाचं बक्षीस, हे ती पुढं विचारणारच होती, तर मी दूध उतू जातंय म्हणून उठले. दूध गॅसवर नव्हतंच. इतकी वर्षं ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही, आणि ज्यांना सांगायला हवी होती ते तुम्ही तर कधीच गेलात.

शेर-पावशेर जाऊन नुकते किलो आले होते, पण तुमच्या वर्कशॉपात अजून सगळं सुतातच, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात, मोजलं जायचं. मी कार्ल्याहून एसटीनं लोणावळ्याच्या शाळेत जायचे आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की हायवेवर तुमच्याकडे यायचे, म्हणजे संध्याकाळी तुमच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून घरी जाता यायचं. पत्र्याची शेड, दारावर ‘टर्निंग, वेल्डिंग, फिटिंग’ अशी रंगवलेली पाटी, बाहेर चाकं काढून ठेवलेला एखादा ट्रक. घाट उतरून-उतरून ट्रकांच्या ब्रेकचे ड्रम आतून झिजायचे, त्यांना चरे पडायचे. तुम्ही तो जड ड्रम लेथवर, म्हणजे वस्तू गोल फिरवत तासणाऱ्या मशीनवर, चढवायचात आणि त्याची आतली बाजू पुन्हा एकसारखी करून द्यायचात. ड्रम फिरायला लागला की बिडाच्या लोखंडाचा काळा चुरा तुमच्या हातांवर, भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर बसायचा. घरी आई दोनदा पाणी तापवायची, तरी तुमची नखं काळीच.

त्यातला एक शनिवार मला अजून जसाच्या तसा दिसतो. तुमच्या हातात काम आहे. तुम्ही मला कॅलिपर देता आणि म्हणता, ‘ह्या ड्रमची जाडी मापून सांग.’ माझं लक्ष बाहेर आहे, रस्त्यावरून माझ्या वर्गातल्या दोघी-तिघी चालल्यात. मी कॅलिपर लावल्यासारखं करते आणि म्हणते, ‘चार सूत.’

‘बगितलंस?’

‘व्हय.’

तुम्ही मशीन बंद केलंत. स्वतः कॅलिपर लावलं, पट्टीवर धरलं. तीन सुतांनाही कमी भरलं. हात उगारणं तर सोडाच, तुम्ही आवाजही चढवला नाहीत. शेजारी ड्रायव्हर उभा होता, त्याच्यासमोरच म्हणालात, ‘अंदाजानं सांगितलंस तू. ह्या ड्रमच्या भरवशावर मानसं घाट उतरत्यात. मापलं न्हाई तर मापलं न्हाई म्हनायचं. त्यात लाज न्हाई.’ मग ड्रायव्हरकडे वळून म्हणालात, ‘ह्यातनं आता आनखी काडता येनार न्हाई. लेथवर लोखंड काडता येतं, घालता येत न्हाई. दुसरा ड्रम आना.’ तो कुरकुरला, ट्रकच्या मालकाचं नाव घेऊन बघितलं त्यानं, पण तुम्ही ड्रम उचलून बाजूला ठेवलात तो ठेवलातच. मी वाकसईपर्यंत कॅरिअरवर बसून रडत होते. तुम्ही एकदाही मागं वळून बघितलं नाहीत, पण चढावर उतरून सायकल ढकलायची वेळ आली तेव्हा ‘तू बस’ म्हणालात.

टर्निंगचा तो प्रश्न तुम्ही मला त्यानंतर महिन्याभरानं विचारलात. एक ड्रायव्हर घाटातली हकीकत सांगत होता, खालच्या मोठ्या टर्निंगला ब्रेक कसा लागेना झाला होता ते. तुम्ही ऐकता ऐकता मध्येच माझ्याकडं बघितलंत. ‘रस्त्याच्या वळनाला टर्निंग म्हनत्यात, आन् माझ्या कामालाबी टर्निंग. मी टर्नर. पन मी कुटं काय वळवतो? ड्रम तर जागच्या जागी फिरतोय. मग ह्यातलं आदीचं कंचं गं? रस्त्याचं का लेथवरचं? तुज्या इंग्रजीच्या बाईंना इचार.’ चौथी शिकलेले तुम्ही, पण हातातल्या वस्तूचं नाव कुठून आलं हे कळल्याशिवाय तुम्हाला चैन पडायचं नाही. हा स्वभाव मी तुमचाच घेतला असं लोक म्हणतात. मी विषय बदलते.

बाईंना मी विचारलं नाही, आबा. त्याचं कारण असं की दिवाळीच्या आधी बाईंनी ‘माझे वडील’ या विषयावर इंग्रजीत निबंध लिहायला लावला होता. वर्गात रेल्वेतल्या बाबूंच्या मुली होत्या, खंडाळ्याच्या बंगल्यातल्याही एक-दोन होत्या. मी लिहिलं, माझे वडील शेतकरी आहेत. काकांचं भातखाचर, काकांचे बैल, काकांची भाताची आवणी, सगळं तुमच्या नावावर टाकलं. काळी नखं तेवढी वगळली. बाईंना निबंध इतका आवडला की त्यांनी तो वर्गात वाचून दाखवला. आता टर्नरचं विचारायला गेले असते तर तुला हे कशाला हवंय असं त्यांनी विचारलंच असतं. दोन शनिवार मी तुम्हाला बाई रजेवर आहेत म्हणून टोलवलं. तिसऱ्या शनिवारी सांगून टाकलं, ‘वळनाचं आदी. कामाचं त्याच्यावरनं आलंय.’

‘बाईंनी पुस्तकात बगून सांगितलं?’

‘व्हय.’

तुम्ही हातातला फडका खाली ठेवून विचार केलात. तुमचा चेहरा किंचित उतरला होता. निदान आता मला तसं आठवतं. मग मान हलवलीत. ‘बरोबर हाय. रस्त्याला वळान हाय म्हनून ब्रेक झिजतो, ब्रेक झिजतो म्हनून माझं काम. आदी रस्ता, मग आमी.’ माझ्या थापेला तुम्ही स्वतःच पुरावा जोडून दिलात. दीड-दोन महिन्यांपूर्वीच मापावरून मला इतकं बोलला होतात, त्यामुळं ही पोरगी आता मापल्याशिवाय काही सांगायची नाही अशी तुमची खात्री होती. पुढच्या शनिवारी तुम्ही खिशातून हे वजन काढून दिलंत. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, उरलेल्या पितळेच्या तुकड्यातून केलेलं. ‘बाईंना इचारायला धीर लागतो,’ असं म्हणालात.

पुढं कितीतरी ड्रायव्हरांना तुम्ही ते सांगितलंत. लेथ सुरू करता करता सांगायचात, आदी रस्त्याचं टर्निंग, मग आमचं, माझ्या पोरीनं आनलंय हे शाळंतनं. मी तिथं असले की चुऱ्याच्या डब्याकडं बघत बसायचे.

पुण्यात बी.ए.ला असताना कॉलेजच्या वाचनालयात एक भलाथोरला शब्दकोश लाकडी उतरत्या फळीवर उघडा ठेवलेला असायचा. त्यात ‘टर्न’ या एका शब्दाला पानंच्या पानं दिली होती. रस्ता वळणं, माणूस मागं फिरणं, दूध नासणं, आपली पाळी येणं, अमुक वयाचं होणं, सगळं त्यात होतं. आणि सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात, मूळ. इंग्रजीत तो लॅटिनमधून आला, तिथं त्याचा अर्थ लेथवर चढवून गोल करणं. लॅटिनमध्ये तो ग्रीकमधून आला, तिथं तो वर्तुळ आखायच्या हत्याराचं आणि लेथचंच नाव. कितीतरी शतकं कारागिरांच्या हातात राहून मग तो शब्द रस्त्यावर आला. मी ते तीनदा वाचलं. आधी तुम्ही होतात, आबा, मग रस्ता. मी ते एका चिठ्ठीवर मराठीत उतरवून घेतलं, तुम्हाला वाचता यावं म्हणून सुवाच्य अक्षरात.

ती चिठ्ठी घेऊन मी दिवाळीला घरी आले. तुमचं काम सुटून वर्ष झालं होतं, छातीनं साथ सोडली होती, तरी संध्याकाळी तुम्ही कार्ला फाट्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत यायचात. मला न्यायला तिथंच थांबला होतात. शेजारी एक जुना ओळखीचा ड्रायव्हर बसला होता. तुम्ही मला पुढं केलंत. ‘ही बग. टर्निंगचा अर्थ आनला होता, ती हीच. आता पुन्यात इंग्रजी शिकतीया.’ तो म्हणाला, ‘आदी रस्ता, व्हय ना ताई?’

माझा हात पर्समध्ये होता, चिठ्ठीवरच. ती बाहेर काढली असती तर बाईंना कधी विचारलंच नव्हतं हे सांगावं लागलं असतं, आणि मग निबंधाचंही. तुमचं काम दुसऱ्या नंबरचं नाही, एवढं ऐकायला तुम्ही इतकी वर्षं थांबला होतात, आणि मी माझी अब्रू सांभाळली. ‘व्हय,’ म्हणाले. तुम्ही चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. पुढच्या पावसाळ्यात तुम्ही गेलात.

मी नंतर इंग्रजी शिकवलं, तीस वर्षं. दरवर्षी हा शब्द आला की फळ्यावर लेथ काढून मुलांना त्याचं मूळ सांगायचे. हे तुम्हाला कसं कळलं, असं कुणीतरी हमखास विचारायचं. माझे वडील टर्नर होते, त्यांनी सांगितलं, असं मी म्हणायचे. टर्नर हा शब्द आता मी मोठ्यानं, ताठ मानेनं उच्चारते. पण ‘त्यांनी सांगितलं’ हे पुढचं वाक्य खोटं आहे हे तुम्हाला माहीत आहे, आणि मी ते अजून सोडलेलं नाही. चिठ्ठी या वजनाखालीच असते. हे कागदही तिथंच ठेवते.