आनंदाचा वर्ग आणि उसवलेला कोट

ती. ताईस,

तुझ्या शेंडेफळाचा नमस्कार. गुडघे काय म्हणताहेत? भाऊजींचा खोकला थांबला का? (नसेल तर निदान त्यांची विडी तरी थांबव.) आम्ही उभयता मजेत आहोत, आणि कालपासून तर जरा जास्तच, कारण एका मुलीची नोकरी माझ्यामुळे जाता जाता वाचली.

त्याचं असं झालं. परदेशात गरिबी नसते अशी आपली माझी समजूत. पण चिरंजीवांच्या घरामागे एका हॉलमध्ये जुने कपडे फुकट वाटतात, आणि रांगेत सगळी विशी-बाविशीची पोरं, माना खाली घालून. यांना आनंदी राहायला शिकवायचंच, असं ठरवून मी त्याच हॉलमध्ये दर मंगळवारी सकाळी वर्ग काढला. (भाषांतराला सूनबाई. ही म्हणाली, "चाळीस वर्षांत मला नाही शिकवलंत ते.") चौदा मुद्दे तयार होते. पहिल्याच वर्गात तिसऱ्या मुद्द्यावर समोरच्या मुलीच्या कोटाकडे लक्ष गेलं आणि मी अडकलो. वाटपातला कोट, बाह्या बोटांच्याही खाली, खांदे लोंबताहेत. दुसऱ्या दिवशी अकराला तिची रुग्णालयाच्या धुलाईखात्यात मुलाखत, आणि आधी तीन ठिकाणी नकार. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस असल्या कोटासमोर आनंदावर काय बोलणार? म्हटलं, दे इकडे. घरी आणून बसल्या बैठकीला सगळा उसवला, अस्तरासकट. मग आठवलं की माझं हातमशीन तुझ्या माळ्यावर आहे.

ताई, मला घाम फुटला. त्या पोरीकडे दुसरा कोट नव्हता. शेवटी जी माझ्या वर्गाला रिकामपणाचे उद्योग म्हणत होती, त्या हिनेच चष्मा पुसून सुईत दोरा ओवला. एक बाही तिने, एक मी. जेवण राहिलं, चहा राहिला, दिवेलागणीला कोट पुन्हा कोट झाला. (तिची बाही जास्त सरळ आली आहे, हे फक्त तुला सांगतो.)

काल दुपारी मुलगी आली, नोकरी मिळाली म्हणाली आणि हिच्या गळ्यात पडली. इतकं हायसं मला चिरंजीवांचं लग्न पार पडलं तेव्हाही वाटलं नव्हतं.

तुझा,
धाकटा

ता. क. सूनबाईचे वडील पुढच्या महिन्यात इकडे येताहेत. त्यांच्या सामानात माझं मशीन घालशील का? (काय आहे ते त्यांना सांगू नकोस.) आठ कोट येऊन पडले आहेत. उरलेल्या अकरा मुद्द्यांबद्दल अजून कोणी विचारलेलं नाही.

आणखी एक. पाकीट चिकटवणार तोच सूनबाईने सांगितलं, मुलाखत फोनवर झाली. साहेबांना ताप होता, कोट कोणी पाहिलाच नाही. पोरीने मात्र तो घालून, सगळी बटणं लावून, आपल्या खोलीत उभं राहून उत्तरं दिली. या वेळी आवाज कापला नाही, म्हणाली.