होल्डवर ठेवलेली माणसं

१४ जून, रविवार दुपार

प्रिय ताईस,

नमस्कार. भाऊजींनाही सांग. तुम्ही दोघं कसे आहात, असं विचारायची रीत आहे म्हणून विचारते. खरं तर कसे आहात ते मला ठाऊक आहे. कसं ठाऊक, ते पुढे येईलच.

इकडे मी ठणठणीत. खोलीतला नळ गळायचा थांबला, घरमालकाने एकदाचा प्लंबर पाठवला. ऑफिसात नव्या खुर्च्या आल्यात. चाकं इतकी गुळगुळीत की आमचा एक जाडजूड सहकारी बसायला गेला, खुर्ची मागे पळाली आणि हा धप्पकन खाली. दिवसभर आम्ही पोट धरून हसत होतो.

आणि हो, मला बक्षीस मिळालं. ‘महिन्यातला सर्वोत्तम कॉल’. एक मोठा मग, त्यावर ‘हसतमुख सेवा’ असं छापलेलं, शिवाय बोर्डावर फोटो. फोटोत मी अशी दिसतेय की रस्त्यात भेटले तर मीच मला ओळख दाखवणार नाही.

तू म्हणशील, पत्र कसलं लिहितेस, फोन कर की. फोनवर माझी जीभ आपोआप गोड होते ग. नोकरीची सवय. कागदावर खोटं लिहिलं तर ते निदान समोर पडून राहतं आणि आपल्याकडे बघतं. सकाळपासून तसे बरेच कागद फाडून झालेत.

माझं काम तुला ढोबळ माहीत आहे. सरकारी भत्ते देणारं कार्यालय आणि त्याची हेल्पलाइन. घरी आजारी माणसाचं करणाऱ्यांना मदतनीस भत्ता मिळतो, तो का थांबला, अर्ज कुठे अडकला, हे विचारायला लोक फोन करतात. आम्ही हेडफोन लावून गोड आवाजात ‘नाही’ म्हणतो. त्याचीही वाक्यं ठरलेली आहेत. ‘आपली अडचण मी समजू शकते’ हे पहिलं. परवा दुकानदार म्हणाला सुटे नाहीत, तर त्यालाही मी तेच म्हणाले. तो बघतच राहिला.

असो. किती वेळ इकडचं तिकडचं लिहीत बसणार?

ताई, गेल्या महिन्यात तू हेल्पलाइनला फोन केलास. तो मी उचलला होता. आता ‘मला माहीत आहे’ असं म्हणू नकोस. तुला माहीत आहे हे मला परवा कळलं, म्हणून तर हे पत्र.

तू ‘हॅलो’ म्हणालीस तेव्हाच मी ओळखलं. माझ्या स्वतःच्या मोबाइलवर तुझे मिस्ड कॉल पडून असायचे आणि मी ‘नंतर करते’ म्हणत ते तसेच ठेवायची. भाऊजींना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी एकदाच हॉस्पिटलात आले. ते माझ्याकडे बघून तोंड हलवत होते, शब्द फुटत नव्हता, आणि मी ‘बस चुकेल’ म्हणून निघाले. बसला भरपूर वेळ होता. नंतर तुझा फोन वाजला की वाटायचं, आता ताई म्हणणार, ‘चार दिवस येशील का ग?’ त्यापेक्षा न उचललेला बरा. आणि ऑफिसातला मात्र झटकन उचलला, वर म्हणाले, ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.’

आमच्याकडे नियम आहे. नात्यातल्या माणसाचा कॉल आला तर तसं सांगायचं आणि शेजारच्याकडे द्यायचा. हात वर करायचा अवकाश होता. पण शेजारी आमची ती नखरेल सहकारीण बसली होती आणि तिला मी कधीच सांगून ठेवलंय की माझी ताई मोठ्या घरात दिलीय, भाऊजी बडे साहेब आहेत. आम्ही जेवणाच्या सुट्टीत फोन करणाऱ्यांच्या नकला करतो ग. थरथरत्या आवाजाच्या, रडणाऱ्यांच्या, तेच तेच विचारणाऱ्यांच्या. सगळ्यांत फर्मास नक्कल माझी असते. त्या लोकांतच माझी बहीण आहे हे कुठल्या तोंडाने सांगू? मला लाज वाटली. तुझी लाज वाटली मला, ताई.

मग मी तुला तुझं नाव विचारलं. जन्मतारीख विचारली. ‘अर्जदाराशी आपलं नातं?’ म्हटलं. तू शहाण्यासारखी एकेक उत्तर देत गेलीस. म्हणालीस, तपासणीच्या फोनवर ‘पेशंट हातात कप धरतात का’ एवढंच विचारलं, तू हो म्हणालीस, आणि भत्ता बंद झाला. ‘अहो, रिकामा धरतात. भरलेला दिला तर अंगावर सांडून घेतात. पण ते कुणी विचारलंच नाही.’

मी म्हणाले, ‘आपली अडचण मी समजू शकते.’

मग तो ठरलेला प्रश्न. ‘काळजी घ्यायला येणारं जवळचं दुसरं कुणी नातेवाईक आहे का?’ तू थांबलीस. मला वाटलं, आता म्हणणार, धाकटी बहीण आहे. तू म्हणालीस, ‘नाही. कोणी नाही.’

मी तसंच टाइप केलं. कोणी नाही. एकही अक्षर चुकलं नाही.

‘फाइल बघते’ म्हणून तुला होल्डवर ठेवलं. फाइल समोरच उघडी होती. मी नुसती बाटलीतलं पाणी पीत बसले. एक वाक्य माझ्या जिभेवर होतं. असे नाकारलेले अर्जदार घरी येऊन तपासणी करा अशी मागणी करू शकतात, आणि घरी कुणी आलं की त्याला दिसतं काय ते. पण हे आपणहून सुचवायचं नाही, समोरच्याने मागितलं तरच द्यायचं, असं आम्हाला शिकवलंय. शिकवलंय म्हणून गप्प बसले, हेही अर्धंच खरं. तू लवकर फोन ठेवावास एवढंच मला हवं होतं. लाइनवर परत आले आणि ‘क्षमस्व, निर्णय कायम आहे’ असं म्हणाले.

तू म्हणालीस, ‘बरं. नीट बोललात, आभारी आहे.’ नकार ऐकूनही आभार मानले, म्हणून तो कॉल सर्वोत्तम ठरला.

परवा सगळ्यांना मीटिंगच्या खोलीत बसवून सुपरवायझरबाईंनी तो स्पीकरवर लावला. मी मान खाली घालून नखं बघत होते. होल्डचा भाग आला. मला आजवर वाटायचं, तिथे नुसतं संगीत असतं. तसं नसतं ग. आपल्याला पलीकडचं ऐकू येत नाही, पण मशीन टिपत राहतं. संगीताच्या मागून तू दबक्या आवाजात म्हणालीस, ‘तीच आहे हो. श्शू, हळू. तिथे ऐकतात सगळं.’ आणि मग भाऊजी. घोगऱ्या आवाजात, अडखळत. ‘रे… रे… रेडिओ.’ पुन्हा एकदा, चांगलं खणखणीत. ‘रेडिओ!’

खोलीत एकच हशा पिकला. नखरेल म्हणाली, ‘अहो, लावून द्या कुणीतरी आजोबांना रेडिओ!’

ताई, मी पण हसले.

तुझ्या लग्नानंतर भाऊजी पहिल्यांदा आपल्या घरी आले, मी शाळेतली चिमुरडी, एकसारखी टकळी चालू. ते म्हणाले होते, ‘या रेडिओचं बटण कुठंय?’ तेव्हापासून त्यांनी मला दुसऱ्या नावाने कधी हाक मारली नाही. हॉस्पिटलात तोंड हलवत होते, ते हेच म्हणत होते का ग? आणि मी बस गाठायला पळाले.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो बक्षिसाचा मग हातात घेऊन सगळ्यांसमोर फोटो काढला, आणि मग तशीच बाईंच्या केबिनमध्ये गेले.

‘ती माझी सख्खी बहीण आहे,’ म्हटलं.

‘कोण?’

‘कॉलवरची. आणि रेडिओ म्हणजे मी.’

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, ‘हे आत्ता सांगतेस होय? आणि तिने तरी का नाही सांगितलं?’

‘माझी नोकरी जाईल म्हणून,’ म्हणाले, आणि तिथे खुर्चीत बसून भोकाड पसरलं. नवी खुर्ची मागे सरकली, तरी रडतच होते.

त्या कॉलची नोंद रद्द झाली आहे. मला फोनवरून काढून टपाल विभागात बसवलंय, चौकशी होईल, नोकरी राहील किंवा जाईल. तू जपलंस आणि मी घालवलं, असं वाटून घेऊ नकोस. तुझं प्रकरण आता दुसऱ्या माणसाकडे आहे. तो या आठवड्यात तुला फोन करील. त्याला पहिलं वाक्य हे सांग, ‘मला घरी येऊन तपासणी हवी आहे.’ तेवढंच. कारण देत बसू नकोस. कपाचं विचारलं तर रिकामा की भरलेला, ते तूच उलट विचार.

तो नातेवाइकाचा प्रश्नही पुन्हा विचारील. आठवड्यातून एकदा येणाऱ्या बहिणीमुळे भत्ता अडत नाही, हे मी नियमात वाचून घेतलंय. मी शनिवारी येतेय. परतीची बस बघितलेली नाही. पण मी येते म्हणाले म्हणून लगेच उत्तर बदलू नकोस, आणि ‘जाऊ दे ग’ असंही म्हणू नकोस. आधी मी दारात उभी राहू दे. भाऊजींच्या अंगावर सांडलेलं मला पुसू दे. मग तुला वाटलं तर बदल.

तोवर फाइलीत जे लिहिलंय तेच खरं आहे.

तुझी,
कोणी नाही