रिंगखालची जमीन

बाबा, आज अंगण सारवता सारवता माझ्याच बोटांच्या ओळी बघत राहिले, आणि उरलेलं तसंच टाकून हे लिहायला बसले. तुम्ही काय करायचात, हे मुलांना सांगताना माझी अजून पंचाईत होते. कापसाच्या जिनांच्या हजेरीपुस्तकात तुम्ही कुठं तोलाईवाले होता, कुठं गोदामाचे पहारेकरी. खरं तर प्रत्येक ठिकाणी तुम्हाला बास्केटबॉल खेळायलाच ठेवलेलं असायचं. पुलगाव, हिंगणघाट, अकोला, मग सिंदी. मालकाची हौस संपली, किंवा तुमच्याहून उंच कुणी मिळाला, की आपण पुन्हा स्टेशनवर. सिंदीला जिनमधल्या बाया आईला चिडवायच्या, "तुया घरचा बुडाबिगरच्या टोपल्यात चेंडू टाकून राह्यला बाई, ते टोपलं भरन कधी?" आईही हसायची. पण आपली पेटी तिनं कुठल्याच गावात पूर्ण रिकामी केली नाही.

त्या वर्षी नागपूरची राजधानी जाणार म्हणून सगळीकडे बोलणं चाललं होतं आणि आपल्या घरात तुमच्या जाण्याचं. इंदूरच्या एका गिरणीचा माणूस तुमचा खेळ बघायला येणार होता. पसंत पडलात तर तुम्ही एकट्यानं जायचं, आम्ही दोघींनी आंजीला, मामाच्या गावी राहायचं. तुमचा उजवा गुडघा तेव्हा सुजायला लागला होता. आई दार लोटून घेऊन त्यावर एरंडाचं गरम पान बांधायची. गुडघ्याची गोष्ट बाहेर गेली तर तुम्हाला कुणी ठेवणार नाही, हे दहा वर्षांच्या मलाही कळत होतं. "तिथं कायम करतेत," तुम्ही तिला म्हणालात. "मंग पाय राहो का जावो." मी दोन दिवस नीट जेवले नाही.

सामन्याच्या सकाळी जिनच्या आवारातल्या मैदानावर पाणी शिंपडून रोलर फिरवायचे, आणि दोन्ही रिंगांखाली धूळ उडू नये म्हणून तेवढी जमीन शेणानं सारवायची. ते काम आईकडे होतं. त्या दिवशी एक रिंग तिनं घेतली, दुसरी मला दिली. माझ्या तळव्याखाली जमीन एका जागी पोकळ वाजली. सरकीच्या ढिगाखालून घुशी तिथवर पोचल्या होत्या. बोटानं खरवडलं तर मूठ जाईल एवढं भोक निघालं. अशा भोकात मुरूम भरून ते धुम्मसानं ठोकायचं, हे तुम्हीच आम्हाला शिकवलं होतं. पोकळ जमिनीवर चेंडू मरतो, उसळतच नाही, हेही तुम्हीच सांगितलेलं. मी भोकात रुईचा कचरा कोंबला आणि वरून हात फिरवला. चेंडू मरेल, तुम्ही हराल, इंदूरचा माणूस परत जाईल. आईनं पलीकडून विचारलं, "झालं का वं तुयं?" मी म्हटलं, झालं.

दुपारभर मी ती जागा लांबून बघत होते. सारवण वाळत होतं, तिथं मात्र रंग जरा गडद राहिला होता. सामना सुरू झाला आणि पहिला अर्धा तास तुम्ही दुसऱ्याच बाजूला खेळलात. इंदूरचा माणूस खुर्चीत पुढे सरकून बसला होता. मग मध्यंतर झालं, बाजू बदलल्या, आणि तुम्ही माझ्या रिंगकडे धावत आलात. उडी छान होती, बाबा. खाली येताना पोकळ जमीन खचली आणि उजवा पाय घोट्यापर्यंत आत गेला.

लोक धावून येईपर्यंत तुम्ही जमिनीकडे बघत होता. माझ्या लहान बोटांच्या ओळी तिथं होत्या, शेजारी भोकातला कापूस. तुम्ही मान वर करून गर्दीत मला शोधलंत. मग बसल्या बसल्याच पाय ओढून घेतलात, हातानं माती लोटून ते भोक बुजवलंत, आणि इंदूरच्या माणसाला सांगितलंत, "गुडघ्यानं दगा देल्ला. जुनंच दुखनं हाय." त्यानं मान हलवली आणि टोपी घातली. जमिनीचं नाव घेतलं असतंत तर तो थांबला असता, आणि मग सारवण कुणाचं होतं, हा प्रश्न निघाला असता. त्यानंतर तुम्हाला कुणी खेळायला बोलावलं नाही. तुम्ही मरेपर्यंत सिंदीच्या जिनमध्ये खरोखरचे तोलाईवाले राहिलात. लंगडत घरी यायचात आणि मला कधीही काही विचारलं नाहीत.

मी जिंकले, असंच म्हणायचं ना? तुम्ही गेला नाहीत. शेवटपर्यंत माझ्या समोर होता.

हा कागद कुठं पाठवणार? चुलीत जाईल. पण त्याआधी एवढं लिहिते. मला फक्त चेंडूच मरायला हवा होता, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. भोकावरून हात फिरवताना मला क्षणभर तुमचा पाय दिसला होता, बाबा. मी हात थांबवला नाही.