बटणं लावत ऐकणारी

१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे ठीक. तुझ्या भाच्याचा खोकला गेला, कुरकुर तेवढी उरली आहे. भावोजींचे गुडघे काय म्हणतात?

तुझं पत्र परवा मिळालं. त्याकडे येते, पण आधी माझी गंमत ऐक.

विद्यापीठात मी मुलांना अभ्यास कसा करायचा ते शिकवते, हे तुला अजून खरं वाटत नाही. "त्याचाही पगार मिळतो?" असं विचारलं होतंस! तर ही मुलं पुस्तकं आणतात ती पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत पिवळ्या पेनाने रंगवलेली. यातलं महत्त्वाचं काय, विचारलं तर म्हणतात, "सगळंच, मॅडम." आणि पुस्तक मिटायला लावलं की पानात बोट घालून पुन्हा उघडायला बघतात.

म्हणून यंदा घरातले बटणं तुटलेले शर्ट वर्गात नेले. एकाने पुस्तक मिटून धडा सांगायचा, दुसऱ्याने बटण लावत ऐकायचं, कळलं नाही तिथे अडवायचं. विभागप्रमुख दारात येऊन म्हणाले, "बाई, हा शिवणवर्ग आहे का?" मी म्हटलं, "बसा सर, तुमच्याही कफाचं बटण लोंबतंय." बसले बिचारे! हजेरीलाही नुसता हात वर करणारी एक मुलगी त्यांना अख्खं प्रकरण सांगून मोकळी झाली. ऐकणाऱ्याची नजर सुईवर असली की सांगणाऱ्याची भीड चेपते.

हे मी कुठल्या प्रशिक्षणात शिकले नाही, ताई. शाळा सुटली होती तुझी आणि परीक्षा असायची माझी. तू गिऱ्हाइकांच्या कपड्यांना बटणं लावत म्हणायचीस, "मला बाई काही कळत नाही, नीट सांग." मी चिडायचे, पुन्हा सांगायचे, आणि सांगता सांगता मलाच कळायचं. मी जी काही झाले ती तुझ्या त्या ऐकण्यामुळे. तोंडावर बोलायला कधी जमलं नाही, म्हणून लिहिते.

आता तुझं पत्र. "या वयात डोक्यात काही राहत नाही, पुन्हा शिकायला घेतलेला प्रवेश रद्द करते," म्हणतेस. तुझं इतिहासाचं पुस्तक न बघताच सांगते, सगळं पिवळं केलं असशील!

परीक्षेला बसायचं की नाही ते तू ठरव. पण त्याआधी रोज संध्याकाळी पुस्तक मिटून मला फोन कर. मी शर्ट घेऊन बसलेली असेन. इतिहासात माझा सगळा आनंदीआनंद आहे, त्यामुळे मला सोंग आणावं लागणार नाही.

मला बाई काही कळत नाही. नीट सांग.

सुईत दोरा ओवून बसलेली,
तुझी धाकटी