उभ्या गाडीवरून पडण्याविषयी

ती. ताईस,

धाकट्या भावाचा, डावा खांदा वर जात नसल्यामुळे एकाच हाताने केलेला नमस्कार. तुझे गुडघे आणि भावोजींचा खोकला कसा आहे ते कळव. माझ्या तब्येतीचा वृत्तांत खाली येतोच आहे.

मी मोटरसायकल घेतल्याचं तुला कळलंच असेल. (कुणी कळवलं तेही मला माहीत आहे.) डोंगर-खडकांतून जाणारी, दोनशे साठ किलोंची. ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारणाऱ्या बावन्न वर्षांच्या माणसाला ही कशाला, असा प्रश्न विक्रेत्यालाही पडला असावा. “साहेब, पाय टेकतात ना?” त्याने विचारलं. टेकत होते, म्हणजे अंगठे टेकत होते. ताई, चालती असताना ही गाडी अगदी हलकी वाटते. सगळे किलो ती थांबल्यावर परत येतात, आणि पेट्रोलची टाकी उंचावर असल्याने जरा कलली की वरचं वजन एकदम त्याच बाजूला निघतं.

पहिल्यांदा पडलो दारातच, दुसऱ्यांदा सिग्नलला. (शेजारच्या सायकलवाल्या आजोबांनी उतरून माझी विचारपूस केली.) तिसरी खेप मात्र सविस्तर सांगायला हवी. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून तुझ्या भावजयीला मागे बसवून टेकडीवरच्या तळ्याकडे निघालो. दोन्ही बाजूंच्या पेट्यांत तंबू, स्टोव्ह आणि पक्ष्यांवरचा जाडजूड कोश. शेवटच्या वळणावर खडी पसरली होती. मी थांबलो, डावा पाय टेकला, आणि तिथे जमीन नव्हती. म्हणजे होती, पण चार बोटं खाली. गाडी कलू लागली. इतक्या सावकाश कोसळणारी वस्तू मी आजवर पाहिलेली नाही. मला देव आठवायला आणि “उतर!” म्हणायला भरपूर वेळ मिळाला. तोवर ती उतरून बाजूला उभीही होती. मी मात्र गाडी सोडली नाही, आणि गाडीने मला.

मग हँडल धरून पाच-सहा वेळा जोर लावला. कमरेतून आवाज आला. गाडी जागची हलली नाही. भावजयीने वीस वर्षं वॉर्डात पेशंट उचलले आहेत. “सरक बाजूला,” ती म्हणाली. “कमरेने नाही, पायांनी उचलतात.” तिने पेट्या काढल्या, गाडीला पाठ लावून खाली बसली, आणि बारीक पावलं मागे टाकत ते धूड उभं केलं. वर सीटवर थोपटून “झालं हं,” असंही म्हणाली. (गाडीला. मला नाही.)

परतताना तीच पुढे बसली. थांबायच्या आधी सीटवरून जरा सरकून एकच पाय पूर्ण टेकवायची. एकदाही पडलो नाही. मागे बसून मी पहिल्यांदाच आजूबाजूचं काही पाहिलं.

भावोजींना सांगताना तिसरी खेप वगळलीस तर बरं.

तुझा,
धाकटा

ता. क. गाडी विकून टाक असं लिहू नकोस. किल्ली आता तिच्या पर्समध्ये असते.

आणखी एक. रविवारी ती पुन्हा तळ्याकडे निघाली आहे, एकटीच. मी विचारलं तर म्हणाली, “मागे वजन नको, वळताना जड जातं.” तुझं ती ऐकते. मला ने म्हणून एक ओळ लिही ना. (वजन विचारलंच, तर पाच किलो कमी सांग.)