पिस्तूल कोल्बीला, चाप बाबांना

मी, मार्नी रे टॅकेट, वय सव्वीस, राहणार लॉरेल फोर्क, ब्रॅमलेट काउंटी, केंटकी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणताही आजार नाही. येत्या गुरुवारी लेक्सिंग्टनच्या रुग्णालयात माझं एक मूत्रपिंड काढून माझे वडील वेंडेल टॅकेट यांना बसवणार आहेत. डॉक्टर म्हणतात, धोका फार थोडा. थोडा असला तरी तो माझा आहे, म्हणून लिहून ठेवते.

१. मूत्रपिंडाबद्दल. ते मालमत्तेत धरता येत नाही, असं वकीलबाईंनी सांगितलं. तरीही लिहिते. शस्त्रक्रियेत माझं काही बरंवाईट झालं, तर बाबांनी स्वतःला दोष देऊ नये, आणि मिळालेलं मूत्रपिंड तंबाखू चघळून वाया घालवू नये.

२. घर. बाबांच्या जमिनीवर, ओढ्याच्या शेवटच्या वळणाला उभं असलेलं माझं चाकांवरचं घर, आतल्या सामानासह, माझी आत्या ओपल हिला द्यावं. आई गेल्यावर आम्हा दोघा भावंडांना आत्यानेच वाढवलं. ती म्हणेल, "मला काय करायचंय ते डबडं?" तिने ते घ्यावं. तिच्या स्वतःच्या छपरातून पाणी गळतं आणि ती ते कोणाला सांगत नाही, पण बादल्या मी पाहिल्या आहेत.

३. पुस्तकं आणि पदवी. समाजकार्याची माझी सगळी पुस्तकं काउंटीच्या शाळेच्या वाचनालयात द्यावीत. भिंतीवरचं पदवीचं प्रमाणपत्र मात्र माझा थोरला भाऊ कोल्बी याला द्यावं. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. ती मला घेता आली, कारण कोल्बीने शाळा सोडून लाकडाच्या गिरणीत काम धरलं. प्रमाणपत्रावर त्याचं नाव घालायला विद्यापीठ तयार झालं नसतं. मी मागच्या बाजूला पेनने घातलं आहे.

४. अंत्यविधी. झालाच, तर आमच्या छोट्या चर्चमध्ये व्हावा. जेवणाला आत्याच्या हातची घेवड्याची उसळ आणि मक्याची भाकरी असावी, विकतचं काही नको. पास्टर हर्शेल यांनी जरूर बोलावं, पण 'देवाची मर्जी' हे शब्द वापरू नयेत. कोल्बीच्या पायाला गोळी लागली त्यानंतरच्या रविवारी त्यांनी ते वापरले होते. देवाचा त्यात काही संबंध नव्हता. संबंध एका चापाचा होता.

५. पिस्तूल. हे कलम सर्वांत मोठं आहे, कारण बाकीचं सगळं मी याच्यासाठी लिहायला बसले.

माझ्याजवळ कमरेला लावायचं एक छोटं पिस्तूल आहे. मी एकटी राहते, सर्वात जवळचं घर हाक पोचणार नाही इतकं लांब आहे, आणि शेरीफची गाडी यायला बराच वेळ लागतो. कामावर असताना ते गाडीत कुलपात असतं. मुलांच्या घरी भेटी द्यायला जाताना ते जवळ बाळगायचं नाही, असा आमच्या बालकल्याण खात्याचा नियम आहे आणि मला तो पटतो.

त्याचा कारखान्याचा चाप जड होता. ओढताना माझा नेम खाली आणि डावीकडे जायचा. बाबा बंदुका दुरुस्त करतात. आसपासच्या तीन काउंट्यांतले लोक त्यांच्याकडे येतात. मी पदवीधर झाले तेव्हा त्यांनी भेट म्हणून जड चाप काढून नवा बसवला. सपाट, छोटा, इतका हलका की बोट टेकलं की काम झालं. उरलेला जुना चाप त्यांनी तंबाखूच्या रिकाम्या डबीत घालून मला दिला. "जपून ठेव. कधी विकायचं झालं तर लागेल," म्हणाले.

बाबांच्या दुकानाचा एक नियम आहे, तो आजोबांपासूनचा. ज्या बंदुकीचा चाप बदलला, तिला चापाच्या कडीभोवती लाल दोरा बांधायचा. ती दुसऱ्याच्या हातात देताना तिचं काय काय केलंय ते तोंडाने सांगायचं. समोरच्याने 'ऐकलं' म्हटल्याशिवाय बंदूक सोडायची नाही. मोठमोठी माणसं त्या दुकानात हात पुढे करून ताटकळत उभी राहिलेली मी पाहिली आहेत. "अरे वेंडेल, कळलं की!" असं ती म्हणायची, आणि बाबा म्हणायचे, "कळलं नको. ऐकलं म्हण."

माझ्या पिस्तुलाला त्यांनी दोरा बांधला नाही. भेटीच्या वस्तूवर दोरा वाईट दिसेल, आणि घरातल्या माणसांना काय सांगायचं, असं त्यांना वाटलं.

त्याच आठवड्यात मी नोकरीच्या मुलाखतीला गेले होते आणि पिस्तूल दुकानातच होतं. कोल्बी गिरणीतून परतताना तिथे डोकावला. बाबांनी ते काढून, भरून त्याच्या हातात दिलं. "मार्नीचं आहे. बघ कसं बसतं कमरेला," एवढंच म्हणाले. अगदी तसंच पिस्तूल, कारखान्याच्या चापाचं, कोल्बी रोज लावत असे. नेहमीच्या सवयीने त्याने ते कमरेच्या होल्स्टरमध्ये ढकललं. त्याच्या जॅकेटच्या दोरीची गाठ चापाच्या कडीत शिरून चापावर दाबली गेली. जड चाप असता तर हाताला अडल्याचं कळलं असतं आणि तो थांबला असता. हा अडला नाही. गोळी मांडीतून गुडघ्याकडे गेली. कोल्बी आता काठी घेऊन चालतो आणि गिरणीऐवजी लाकडाच्या वखारीत खुर्चीवर बसतो.

रुग्णालयात शुद्धीवर आल्यावर त्याने बाबांना एकच विचारलं, "दोरा का नव्हता?"

बाबा म्हणाले, "जॅकेटची दोरी आत गेली. असली जॅकेटं घालून कोणी पिस्तूल लावतं का?"

त्यानंतर दोघं एकमेकांशी बोललेले नाहीत. नाताळचं जेवण आत्या दोनदा वाढते, एकदा दुपारी, एकदा संध्याकाळी.

बाबांची मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा कोल्बीने मला न सांगता स्वतःची तपासणी करून घेतली. त्याचं मूत्रपिंड जुळलंही. मला ते नंतर कळलं. मी हे बाबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ कानशी पुसत राहिले. मग म्हणाले, "त्याचा पाय घेतलाय मी. आता पोटातलंही मागू?" हे त्यांनी मला सांगितलं. ज्याला सांगायचं त्याला सांगितलं नाही. म्हणून टेबलावर मी झोपणार आहे. त्याची मला खंत नाही. पण मी त्या टेबलावरून उठले नाही, तर या दोघांच्या मधे उभं राहायला कोणी उरणार नाही, याची भीती मात्र वाटते.

म्हणून माझी इच्छा अशी: पिस्तूल कोल्बीला द्यावं. तंबाखूच्या डबीतला मूळ चाप बाबांना द्यावा. बाबांनी तो कोल्बीच्या समोर, स्वतःच्या हाताने परत बसवावा. त्याआधी पिस्तूल रिकामं करून कोल्बीच्या हातात द्यावं, आणि देताना दुकानाच्या नियमाप्रमाणे त्याचं काय काय केलं होतं ते तोंडाने सांगावं. हे होईपर्यंत पिस्तूल आत्याच्या कपाटात राहील. ते तिथे गंजलं तरी चालेल.

पुरवणी, सही करण्यापूर्वी जोडलेली.

वरचा मजकूर मी रविवारी आत्याच्या टेबलावर ठेवला होता. आत्याने तो वाचला. आत्या सगळंच वाचते.

"मेल्यावर कशाला गं?" ती म्हणाली. "गुरुवारपर्यंत वेळ आहे की!"

काल बाबांचं डायलिसिस नव्हतं. दुपारी आत्या कोल्बीला गाडीत घालून दुकानात घेऊन आली. मी पिस्तूल आणि डबी घेऊन आधीच तिथे होते. कोल्बी दारात उभा राहिला. "आत्याने गाडीला आतून कुलूप लावलं होतं," एवढंच बोलला.

बाबांनी पिस्तूल उचललं, गोळ्या काढल्या, नळी रिकामी असल्याचं प्रकाशात पाहिलं. मग ते कोल्बीपुढे धरलं. कोल्बीने हात लावला. बाबांनी सोडलं नाही.

"चाप बदललाय," बाबा म्हणाले. "हलका केलाय. मी केलाय. दोरा बांधला नव्हता."

दोघांचे हात त्या पिस्तुलावर तसेच होते. आत्या काहीतरी बोलायला गेली, मी तिचा दंड धरला. बाबांनी हात खाली घेतला नाही. घाईही केली नाही.

"ऐकलं," कोल्बी म्हणाला.

बाबांनी हात सोडला. कोल्बीने पिस्तूल थोडा वेळ बघितलं आणि परत त्यांच्यासमोर टेबलावर ठेवलं. बाबांनी डबी उघडली, चष्मा पुसला आणि खाली बघतच म्हणाले, "दिवा जरा इकडे धर. मला नीट दिसत नाही आता."

कोल्बीने काठी टेबलाला टेकवली आणि दिवा धरला.

तेव्हा कलम पाचमधली अट आता लागू नाही. पिस्तूल कोल्बीचं, विनाअट. काढलेला हलका चाप लाल दोऱ्यात बांधून बाबांनी दुकानाच्या दारावर टांगला आहे. तो तिथेच राहावा. बाकीची कलमं लिहिली तशीच पाळावीत, पास्टरांचं धरून.

वरील सर्व मी स्वतः लिहिलं, पुन्हा वाचलं, आणि खालील दोघांसमोर सही केली. दोघांनाही यातून काही मिळणार नाही.

सही: मार्नी रे टॅकेट

साक्षीदार:
ट्वाइला कौडिल, कार्यालयातील सहकारी
बर्ल स्लोन, शेजारी (यांनी मजकूर पूर्ण ऐकला आणि सही करताना 'ऐकलं' असं म्हणाले.)

स्थळ: लॉरेल फोर्क, ब्रॅमलेट काउंटी, केंटकी
मंगळवार, दिनांक १४ मार्च २०२३