सात जणांची मदत

५ जून
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आमचं बरं चाललंय, फक्त कागदावर तसं दिसत नाही. ह्यांची दारू, लेकाचे फिटचे झटके आणि भिंतींची ओल, एवढ्यासाठी बालसंरक्षणवाल्यांनी सात जण मदतीला दिलेत. सातही देवमाणसं, पण एकाने दुसऱ्याचं तोंड पाहिलेलं नाही. ‘उत्तम पालक’ वर्गाला जायचं तर पोरं शेजारी ठेवावी लागतात. मग घरभेटीच्या बाई लिहून जातात, आई घरी नव्हती. पुढच्या खेपेला घरी थांबले, तर वर्गाचे गुरुजी लिहितात, आईला रस नाही. अठराला बैठक आहे. पोरं माझ्याकडे ठेवायची की न्यायची, ते तिथे ठरणार. ताई, मी काय करू ते सांग.

मला विसरू नकोस.
तुझी,
धाकटी

९ जून
चि. धाकटीस,
अ. उ. आ.

रडून झालं असेल तर पुढे वाच. तीस वर्षं वॉर्डात नर्स म्हणून काढली, डॉक्टरांच्या झुंडी पाहिल्या. सगळ्यांना एका खाटेभोवती उभं केल्याशिवाय रोगी एकच आहे, हे त्यांना कळत नाही. तू धावणं बंद कर. बैठक माझ्याच घरी घ्या, असं लेखी कळव. घर फार आवरू नकोस. आमच्या जावईबुवांना मात्र आंघोळ घालून बसव.

जीव तुझ्यातच आहे, तो वेगळा काय लिहू?
ताई

१९ जून
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सगळे आले! खुर्च्या तीन, म्हणून चौघे पलंगावर. घरभेटीच्या बाईंनी वर्गाच्या गुरुजींना माझा दीर समजून, भावाला जरा वळण लावा म्हणून झापलं. तेवढ्यात लेकाला झटका आला. सातही जणांनी फायली उघडल्या, हे काम कोणाकडे येतं ते बघायला. मी त्याला कुशीवर वळवलं, थोरल्या लेकीने झटका किती वेळ चालतो ते मोजायला घड्याळ धरलं आणि ह्यांनी, खोटं नाही सांगत, खुर्च्या बाजूला सारल्या. दोन मिनिटांनी लेक डोळे उघडून मला शोधायला लागला. तेव्हा कोणीच काही लिहीत नव्हतं.

पोरं घरीच राहणार, ताई! निकालात कारण दिलंय, सातही विभागांचे अथक प्रयत्न. खाली त्यांच्या सात सह्या. माझी घेतली ‘इतर उपस्थित’ या रकान्यात, माझ्याच घरात बसून. अंगाचा नुसता तिळपापड झाला. तरी केली सही. मोलकरीण म्हणून मागितली असती, तरी केली असती.

माया अशीच राहू दे.
तुझी,
धाकटी